उणे चिन्हाच्या ओळी

(काळा पडदा. टर्मिनलमध्ये एक पॅच सावकाश वर सरकतोय. हिरव्या ओळी मोजक्या, लाल ओळी पुष्कळ.)

पॅच म्हणजे कोडमध्ये काय बदलायचं याची यादी. तिच्या डावीकडच्या चिन्हांवर नजर ठेवा. ओळीच्या सुरुवातीला अधिक असेल तर ओळ नवी, उणे असेल तर ती काढून टाकलेली. या पॅचमध्ये उणेच उणे आहेत. पाठवणाऱ्यानं नवं काही बनवलेलं नाही. कमांडचं काम होतं तेच ठेवून खालचा कोड तेवढा कमी केलाय. पगाराच्या नोकरीत वर्षअखेरीला हे कोणत्या रकान्यात भरायचं, असा प्रश्न पडेल. पण युनिक्स या संगणक प्रणालीच्या छोट्या कमांड्स फावल्या वेळात, एकत्र मिळून लिहिणाऱ्या मंडळींमध्ये अशा पॅचला मान आहे.

का, ते समजायला सगळ्यात छोट्या कमांडपासून सुरुवात करू.

तिचं नाव 'ट्रू'. तिनं काहीही करायचं नाही आणि 'काम यशस्वी' असं सांगून बाहेर पडायचं. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ही कमांड म्हणजे चक्क एक रिकामी फाइल होती. शून्य बाइट. कमांड्स चालवणारा शेल ती उघडायचा, आत काही नसायचं, बिघडण्यासारखंही काही नसायचं, म्हणून निकाल यशस्वी. पुढे काही आवृत्त्यांत त्या रिकाम्या फाइलीत कॉपीराइटची सूचना आली. म्हणजे आत काही नाही, पण जे नाही त्यावर हक्क मात्र राखीव!

आज 'ट्रू' वेगवेगळ्या घरांत वेगवेगळी भेटते. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या संचात ती सी भाषेतला एक प्रोग्रॅम आहे, आणि विचारलं तर मदतीचा मजकूर आणि आवृत्तीचा क्रमांकही सांगते. कमी कोडचा आग्रह धरणाऱ्या 'सकलेस' नावाच्या गटाच्या 'एसबेस' संचात मात्र ती सुरू होते, शून्य परत करते, संपते.

(दोन्ही फाइली शेजारी शेजारी.)

यात एक शहाणा आणि दुसरा वेडा असं नाही. ग्नूच्या घरचा नियम आहे की प्रत्येक कमांडनं मदत आणि आवृत्ती सांगितली पाहिजे. मग 'ट्रू'ला सूट कशाला? वाद चवीचा वाटतो, पण त्याचं मूळ चवीत नाही. ते पाइपमध्ये आहे.

१९६४ साली, युनिक्स पुढे जिथे जन्मलं त्या बेल लॅब्जमध्ये, डग मॅकिलरॉय यांनी एका टिपणात लिहिलं की बागेत पाण्याच्या नळ्या जोडतात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. प्रत्यक्षात यायला १९७३ उजाडलं. केन थॉम्पसन यांनी एका रात्रीत युनिक्समध्ये पाइप बसवला, म्हणजे एका कमांडचा निकाल थेट दुसरीला देणारी जोडणी. त्या एका रात्रीची गोष्ट सगळे सांगतात, मला मात्र नंतरचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. कारण जुन्या कमांड्स फाइलीचं नाव मागायच्या. पाइपातून येईल ते वाचायचं आणि पुढे सोडायचं, हे त्यांना एकेक करून शिकवावं लागलं. आणि एक गोष्ट लक्षात आली. तुमची कमांड शेवटी 'झालं बरं का' असं छापत असेल, तर पुढची कमांड त्या ओळीलाही माहितीच समजणार. सॉर्ट ती ओळसुद्धा इमानेइतबारे वर्णक्रमात लावणार. म्हणून या कमांड्स अबोल आहेत. तो त्यांचा स्वभाव नाही, शेजाऱ्यांबरोबर राहायची अट आहे.

मग १९८३ मध्ये बेल लॅब्जच्याच रॉब पाइक यांनी 'कॅट' या कमांडवर जाहीर टीका केली. कॅटचं काम फाइली एकामागे एक जोडून दाखवणं. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये तिला ओळींना क्रमांक देणं, न दिसणारी अक्षरं दाखवणं, असे पर्याय जोडले गेले होते. पाइक यांचं म्हणणं साधं होतं: न दिसणारी अक्षरं दाखवायची असतील तर त्यासाठी वेगळी कमांड लिहा, म्हणजे तिचा उपयोग कुठल्याही पाइपात होईल. कॅटच्या पोटात घातलीत तर ती कॅटपुरतीच राहील.

हे वाचून छोटं ते चांगलं असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. जरा थांबा.

(टर्मिनलमध्ये अर्थहीन अक्षरांचा पूर.)

१९९० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बार्टन मिलर आणि सहकाऱ्यांनी युनिक्सच्या कमांड्सना निव्वळ वाटेल ती अक्षरं खायला घातली. वेगवेगळ्या प्रणालींवर २५ ते ३३ टक्के कमांड्स कोसळल्या किंवा अडकून बसल्या. कारणांमध्ये एक नेहमीचं होतं: ओळ अमुक इतक्या अक्षरांहून लांब असणारच नाही, असं लिहिणाऱ्यानं धरून चालणं. कोड छोटा होता, कारण त्यातून तपासणीच गाळलेली होती. काही वर्षांनी हीच चाचणी पुन्हा झाली तेव्हा ग्नूच्या कमांड्स व्यापारी युनिक्सपेक्षा बऱ्याच टणक निघाल्या. ग्नूचा कोड मोठा का, याचं थोडं उत्तर इथे आहे.

त्यामुळे आज कमी ओळींचा आग्रह धरणाऱ्यांपुढचा खरा पेच हा आहे, की तपासणी न गाळता ओळी कशा गाळायच्या.

एक उदाहरण घ्या. कॅटचा निकाल फाइलीत लिहायचाय आणि डिस्क भरलेली आहे. प्रोग्रॅम मजकूर छापतो, पण तो आधी मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात जातो; डिस्कवर लिहायची वेळ शेवटी येते. तेव्हा लिहिणं फसलं का, हे तपासलं नाही, तर कमांड 'यशस्वी' म्हणून बाहेर पडते आणि फाइल रिकामी राहते. लिनक्सवर हे पाहायला डिस्क भरावी लागत नाही. 'डेव्ह-फुल' नावाचं एक खोटं उपकरण आहे, ज्यात काहीही लिहायला गेलं की ते जागा नाही म्हणतं. नव्या कमांडला आधी तिथे लिहायला लावून बघावं. भलीभली तिथे खोटं बोलताना सापडतात.

आता ही तपासणी प्रत्येक कमांडमध्ये लिहायची म्हटली तर ओळी वाढणार. एसबेसमध्ये त्यासाठी 'एफशट' नावाचं एक छोटं फंक्शन आहे. फाइल बंद करताना सगळं नीट लिहिलं गेलं का, ते पाहतं. एकदा लिहिलं, सगळ्या कमांड्सनी वापरलं. सुरुवातीला दाखवला तसला पॅच बहुतेक वेळा असाच जन्मतो: चार ठिकाणचा सारखा कोड कुणाच्या तरी डोळ्यात खुपतो, तो एका ठिकाणी हलतो, आणि चार ठिकाणी उणे चिन्हं उमटतात.

(पुन्हा पॅच. आता त्याच्या वरच्या दोन ओळींवर प्रकाश: फाइलीचं जुनं रूप, नवं रूप.)

हे एकत्र काम चालतं तेसुद्धा अशाच दोन छोट्या कमांड्सच्या जिवावर. दोन फाइलींतला फरक काढणारी 'डिफ' १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये तयार झाली, तिच्यामागचेही मॅकिलरॉयच. तो फरक घेऊन जुन्या फाइलीवर चढवणारी 'पॅच' १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी लिहिली. त्यानंतर कोडची अख्खी प्रत पाठवायची गरज उरली नाही. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं पानभर मजकुरावर बोलू लागली. कोडमधले बदल सांभाळणारं गिट आलं २००५ मध्ये, पण आजही त्याच्या तोंडी अधिक-उण्याची तीच भाषा आहे.

आणि बोलणं बरेचदा 'नाही'वर येतं. सकलेसचा 'डीडब्ल्यूएम' हा पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम. तो २००० ओळींच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं. मग तुमची सुंदर कल्पना जाते कुठे? तिचा पॅच मूळ कोडच्या बाहेर, वेगळा ठेवला जातो. ज्याला हवा त्यानं आपल्या प्रतीवर चढवावा आणि कंपाइल करावं. मला ही रीत एकाच वेळी उदार आणि निष्ठुर वाटते. कुणाचीच कल्पना अडत नाही. पण मूळ कोड बदलला की बाहेरचे पॅच बसेनासे होतात, आणि दोन पॅच एकाच ओळीवर हक्क सांगू लागले की भांडण तुम्हीच मिटवायचं.

कधीकधी मात्र अधिकाच्या ओळी टाळता येत नाहीत.

'ऑक' ही मजकुरावर काम करणारी भाषा १९७७ ची. तिच्या नावातली तीन अक्षरं तिघा निर्मात्यांच्या आडनावांची. त्यांतले एक ब्रायन कर्निहन. ऑक लिहिली गेली तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट हे गृहीतच होतं. जगभरच्या लिप्यांची अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत थॉम्पसन आणि पाइक यांनी आखली ती १९९२ मध्ये. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मूळ ऑक बाइटच मोजत राहिली. २०२२ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, कर्निहन यांनी स्वतः बसून तिला यूटीएफ-८ शिकवलं. कोड तयार झाला, पण गिटमध्ये आपला हात बसलेला नाही, हे त्यांनी मोकळेपणानं कळवलं. कळवलं ते आर्नल्ड रॉबिन्स यांना. ग्नूची स्वतःची वेगळी ऑक आहे, ती वर्षानुवर्षं सांभाळणारे हेच रॉबिन्स मूळ ऑकचीही देखभाल करतात.

(टर्मिनल. कुणीतरी टाइप करतंय: 'मराठी' या शब्दाची लांबी.)

जुनी ऑक सांगते, पंधरा.

नवी सांगते, पाच: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी.

(कर्सर लुकलुकतोय. त्याखाली हातानं लिहिलेली अक्षरं उमटतात: म, रा, ठी.)