प्रिय अंकल पै

२४ फेब्रुवारी २०११ रोजी मुंबईत अनंत पै यांचे निधन झाले, तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. त्यांची आठवण काढणाऱ्या बहुतेकांनी त्यांना प्रत्यक्ष कधीही पाहिलेले नव्हते, तरीही जवळपास प्रत्येकाच्या तोंडी 'अंकल पै' हेच नाव होते. वृत्तपत्रांनी 'अमर चित्रकथा' या मुलांच्या चित्रकथा-मालिकेचे जनक म्हणून त्यांना निरोप दिला. वाचकांना मात्र आठवत होते ते आठव्या-नवव्या वर्षी त्यांना गिरवून गिरवून लिहिलेले पत्र आणि पोस्टमनची पाहिलेली वाट.

पै चित्रकार नव्हते, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांपैकी अनेकांना मोठेपणी कळली. १९२९ साली कर्नाटकातल्या कारकळ येथे जन्मलेला, लहानपणीच आईवडिलांचे छत्र गमावलेला हा मुलगा बाराव्या वर्षी मुंबईत आला, माहीमच्या शाळेत शिकला आणि पुढे रसायन तंत्रज्ञानाचा पदवीधर झाला. ओढ मात्र छापखान्याची होती. १९६४ साली सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या, म्हणजे आपल्याकडच्या मुलांना वेताळाची, म्हणजे 'फँटम'ची, ओळख करून देणाऱ्या मालिकेच्या, उभारणीत त्यांचा वाटा होता.

१९६७ साली दिल्लीत दूरचित्रवाणीवरची एक प्रश्नमंजूषा त्यांनी पाहिली. ग्रीक दैवतांची नावे सांगणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. हा प्रसंग पै पुढे आयुष्यभर सांगत राहिले. इंडिया बुक हाऊसच्या पाठबळावर 'अमर चित्रकथा' सुरू झाली खरी, पण तिचे पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचेच होते. कृष्ण अवतरला तो अकराव्या क्रमांकाला.

तो कृष्ण रेखाटला राम वाईरकरांनी. पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम, प्रदीप साठे, वसंत हळबे ही नावे पुढे या दालनाशी जोडली गेली, आणि मराठी वाचकाने हे अभिमानाने नोंदवायला हरकत नाही की देशभरातल्या मुलांच्या मनातले देव, राजे आणि राक्षस यांचे चेहरे बऱ्याच अंशी मराठी हातांनी घडवले. ३२ पानांत एक आख्यान बसवायचे, तर काय गाळायचे हे आधी ठरवावे लागते. तो निर्णय संपादकाचा असे आणि त्याचे श्रेय व दोष दोन्ही पैंकडे जातात. नायक गोरे आणि असुर काळे का, सतीचे उदात्तीकरण कशासाठी, हे प्रश्न विचारणाऱ्यांत त्याच अंकांवर वाढलेले वाचकही होते. त्यांचे प्रेम त्यामुळे आटले नाही. फक्त ते डोळस झाले.

पण 'अंकल' हे नाते खऱ्या अर्थाने रुजले ते १९८० साली निघालेल्या 'टिंकल'मुळे. या मासिकाने मुलांकडून गोष्टी मागवल्या आणि पाठवणाऱ्याच्या नावासह छापल्या. तमिळनाडूतल्या एका वाचकाने धाडलेल्या गोष्टींतून भोळसट सुप्पांडी हे पात्र जन्मले, आणि वाईरकरांनी त्याला ते लांबट डोके दिले. हळबे यांनी शिकारी शंभू या पात्राचे डोळे टोपीखाली कायमचे झाकले; ते डोळे कसे असतील, यावर किती घरांत वाद झाले असतील कोण जाणे. साठे यांचा कालिया कावळा त्याच पानांतला. आपली गोष्ट नाकारली गेली तरी पुढच्या महिन्यात दुसरी पाठवावीशी वाटे, कारण पत्र वाचणारे कुणीतरी मुंबईत आहे याची खात्री होती.

मृत्यूच्या काही दिवस आधीच दिल्लीत भरलेल्या भारतातल्या पहिल्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यात, पैंना जीवनगौरव जाहीर झाला होता. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, त्यांच्या ८२व्या जन्मदिनी, गूगलच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. इतरांच्या चित्रांचे संपादन करण्यात हयात घालवलेले पै त्या दिवशी स्वतःच चित्रात आले होते, आणि एव्हाना नोकरीधंद्याला लागलेल्या त्यांच्या पुतण्या-भाच्यांनी त्यांना पाहताक्षणी ओळखले.