विरून जाणारा बाण

[दृश्य : अंदमानचं जंगल. पाऊस नुकताच थांबलाय. ओल्या पाचोळ्यावरून एक काळसर साप सरकतोय.]

हा नाग आहे. पण आपल्या ओळखीचा नव्हे. आपल्या नागाच्या फण्यावर दहाचा आकडा असतो. बंगाल-आसामकडच्या नागाच्या फण्यावर एकच वाटोळा डोळा. याच्या फण्यावर मात्र पुष्कळदा धड काहीच दिसत नाही.

हा अंदमानी नाग. जगात फक्त याच बेटांवर सापडणारा.

[दृश्य : पिल्लू, जवळून.]

पिल्लू बघा, कसं नटलेलं आहे! अंगभर फिकट आडवे पट्टे, मानेवर बाणाच्या टोकासारखी खूण. त्यावरूनच शास्त्रीय नाव पडलं, नाजा सॅजिटिफेरा. म्हणजे बाणधारी. गंमत अशी, की वय वाढतं तसे पट्टे जातात, बाणही विरत जातो. नाव तेवढं उरतं.

इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर फ्रँक वॉल यांनी १९१३ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, आपल्या मुंबईतल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये. तेही वेगळी जात म्हणून नाही, नागाचा एक प्रकार म्हणून. आशियातले सगळे नाग तेव्हा एकाच जातीत कोंबलेले होते. ही गाठ सुटायला १९९० चं दशक उजाडलं. संग्रहालयांतले नमुने काढून, खवले मोजून, डीएनए ताडून पाहिल्यावर या नागाला स्वतःची जात मिळाली.

[दृश्य : सापाचं डोकं, भिंगाखाली.]

मग मेलेला, फणा मिटलेला साप हाती आला, तर हा नाग ओळखायचा कसा? रंगावर भिस्त ठेवू नका. वरच्या ओठाचा तिसरा खवला पाहा : एका टोकाला नाकपुडीचा खवला, दुसऱ्या टोकाला डोळा, दोन्हींना तो टेकलेला असतो. पण नागराजाचंही, म्हणजे किंग कोब्राचंही, तसंच असतं, आणि नागराजही अंदमानात आहे. शिवाय त्याच्या पिल्लालाही पट्टे असतात! मग डोक्याच्या मागच्या बाजूला वळा. तिथे दोन मोठ्या खवल्यांची जास्तीची जोडी असेल, तर तो नागराज. नसेल, तर आपला बाणधारी.

जिवंत सापावर हे असलं काही करायला जाऊ नये, हे सांगायला नकोच.

[दृश्य : औषधाची कुपी.]

आता ही कुपी. सर्पदंशावर देशभर दिली जाणारी लस चार सापांच्या विषापासून बनते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यातला नाग म्हणजे मुख्य भूमीवरचा, दहाच्या आकड्याचा. अंदमानी नागाचं विष त्यात नाही.