जाम झालेला मायक्रोस्कोप

हा पितळी मायक्रोस्कोप हातात आला तेव्हा त्याची नळी वर जाईना की खाली येईना, आणि डोळा लावला तर सगळं दुधाळ, धुरकट. मी शहाण्याने पहिलं काय केलं, तर नॉब जोर लावून फिरवला. आतून कट्ट असा आवाज आला आणि हात आपोआप मागे आला. नशीब, आतल्या चाकाचे दात शाबूत होते.

अशा जुन्या यंत्रांत बऱ्याचदा मोडलेलं काहीच नसतं, ग्रीस वाळलेलं असतं. हे जरा जवळून बघा, नळीमागच्या दातेरी पट्टीत हा हिरवट थर बसलाय, ग्रीस जुनं झालं की त्यात आम्ल तयार होतं, ते पितळेतल्या तांब्याला लागतं आणि मग असा हिरवा चिकटा होतो. तो सुटायला हेअर ड्रायरची ऊब द्यायची, लेन्स आधी काढून ठेवायच्या बरं का, मग रॉकेलचा एखादा थेंब, थोडं थांबायचं, परत ऊब. माझी अख्खी संध्याकाळ यात गेली. नॉब मिलिमीटरभर हलला तेव्हा मी एकटाच ओरडलो. मग दातांतली घाण लाकडी टूथपिकने काढली, सुई नको, पितळ मऊ असतं. शेवटी नवीन ग्रीस, अगदी बोटाला लागेल इतकंच.

पितळ चकचकीत करायचा मोह मात्र आवरा. तो सोनेरी रंग बऱ्याचदा लाखेच्या वॉर्निशचा असतो, स्पिरिट लागलं की गेलाच समजा.

आता काच. धूळ कुठल्या लेन्सवर आहे ते कळायला आयपीस, म्हणजे डोळ्याजवळची लेन्स, गोल फिरवायचा, ठिपका सोबत फिरला तर तो आयपीसमधलाच. ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे खाली नमुन्याजवळची लेन्स, तपासायला तोच आयपीस उलटा धरायचा, मस्त भिंग होतं. माझ्या १००एक्सवर, म्हणजे शंभर पटीच्या ऑब्जेक्टिव्हवर, पिवळा कडक थर होता, कुणीतरी सीडर ऑइल (ही लेन्स वापरताना ती आणि नमुन्याची काच यांच्यामध्ये घालायचं तेल) लावून पुसलंच नव्हतं. ते झायलीन नावाच्या द्रावकाने निघतं, पण गंमत अशी की आतल्या काचा ज्या कॅनडा बाल्सम नावाच्या पारदर्शक डिंकाने चिकटवलेल्या असतात तोही झायलीनमध्येच विरघळतो! त्यामुळे बुडवायचं नाही, खिडकी उघडी ठेवून लेन्स पेपरचं टोक जेमतेम ओलं करायचं, हलकेच एकदा पुसायचं, बास.

४०एक्समध्ये मात्र पाण्यावर तेल पसरल्यासारखे रंग दिसत होते, म्हणजे आतला बाल्समच सुटलेला. ते घरी उघडायच्या भानगडीत मी पडलो नाही, दुसरा ऑब्जेक्टिव्ह बसवला. तो बसला कारण ऑब्जेक्टिव्ह फिरवून बसवायचे हे आटे लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने १८५८ साली ठरवून दिले आणि आजही अनेक ऑब्जेक्टिव्हना तेच असतात. फक्त त्यावर १६० लिहिलंय ना ते बघून घ्या, म्हणजे नळीची लांबी १६० मिलिमीटर. नवीन इन्फिनिटीवाले, म्हणजे १६० च्या जागी ∞ लिहिलेले, इथे नीट चालत नाहीत.

आणि हा कांद्याचा पापुद्रा. खाली कंडेन्सर, म्हणजे प्रकाश एकवटणारी लेन्स, नाही, म्हणून आरशाची खोलगट बाजू वर घेतली, नळी सावकाश खाली आणली, पेशींच्या भिंती एकेक करून उमटल्या. डावीकडे वर तो काळा ठिपका दिसतोय? तो आयपीस फिरवला की फिरतो. चरा आहे, राहू दे.