खाजनाचा बांध फुटतो तेव्हा

(दृश्य : गोव्यातले दिवाडी बेट. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला भातशेती, मध्ये बांध.)

बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची ही सखल शेती म्हणजे खाजन. भरती चढली की नदीचे पाणी या शेतापेक्षा उंच असते. अडवायला फक्त चिखलाचा बांध. बांदोड्याला सापडलेल्या, सुमारे ६व्या शतकातल्या ताम्रपटात खाजनाचा उल्लेख आहे; इतकी जुनी ही शेती.

(दृश्य : मानशीची लाकडी दारे.)

बांधातल्या या दाराला मानस म्हणतात. दारे नदीकडे उघडतात. ओहोटीला शेतातले पाणी त्यांना बाहेर ढकलते, भरतीला नदीच त्यांना दाबून बंद करते. लाकूड मट्टी नावाच्या झाडाचे, पाण्यात टिकणारे.

२३ जुलै २०२१ रोजी म्हादईला, म्हणजे वरच्या अंगाच्या मांडवीला, मोठा पूर आला. दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा, म्हणजे समुद्राला उधाण. वरून पूर आणि खालून उधाण असे जुळले की मानस पुरेशी उघडत नाही. शेतातला पाऊस आतच साचतो, बाहेरून नदी बांधावर चढते. पण बांध फुटायला पूरच लागतो असे नाही. खेकड्याच्या बिळातून पाझर सुरू झाला आणि कोणी पाहिला नाही, तर तेवढ्यानेही भागते.

(दृश्य : फुटलेला बांध, आत शिरणारे पाणी.)

बुजवण्याची घाई उधाणात करू नये. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी कमी चढते. काम तेव्हाच, तेही ओहोटीत. दोन्ही टोकांकडून भराव ढकलत आणला तर फट अरुंद होते, पाण्याचा वेग वाढतो आणि तळ उकरला जातो. काल टाकलेली माती आज नदीत. म्हणून आधी तळावर दगड पसरायचे, मग पूर्ण रुंदीत थराथराने वर यायचे. खांबांच्या दोन रांगा, आतून बांबूचे तट्टे, मध्ये चिकट चिखल आणि भाताचा पेंढा. प्रत्येक थर पायांनी तुडवलेला. चिखल बांधाच्या पायथ्याशी खणू नये, तिथला खड्डा पुढे बांधच गिळतो. ट्रकने आणलेली लाल माती स्वस्त आणि झटपट वाटते. ती चिखलासारखी चिकटत नाही, लाटांनी धुपते. वाळताना बांध खचतो, भेगा पडतात, म्हणून उंची थोडी जास्तच ठेवायची आणि भेगा ओल्या चिखलाने बुजवायच्या. नदीच्या अंगाला चिऱ्याचे दगड. तिथली कांदळवने तोडू नयेत, लाटेचा मार तीच खातात.

(दृश्य : पहिला पाऊस, नांगरलेले ढेकूळ.)

जमिनीत शिरलेले मीठ काढायला पाऊस लागतो. पावसाआधी नांगरून ढेकळे मोकळी ठेवायची. पाणी साचू द्यायचे, ओहोटीला मानशीतून सोडायचे, पुन्हा साचवायचे. मग मोड आलेले कोरगुट फेकून पेरायचे. हे भात उंच वाढते, खारेपणा आणि साचलेले पाणी सोसते. उत्पन्न मात्र बेताचे. जुने गोव्यातल्या कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून नवे वाण काढले आहेत.

(दृश्य : रात्री मानशीच्या तोंडाशी जाळे.)

इथली मासेमारी लिलावाने दिली जाते, आणि भांडण इथेच आहे. मासळीसाठी खारे पाणी आत हवे, भाताला ते नको. पूर्वी निर्णय गावकारीचा, म्हणजे गावाची जमीन सांभाळणाऱ्या सामूहिक संस्थेचा असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर तिची पकड सैल झाली. फुटलेल्या बांधापाशी आता पहिला प्रश्न चिखलाचा नसतो. दुरुस्ती कोणी करायची, हा असतो.