बंदरावरची रात्र, माजघरातली झोप

पहाटेचे चार. रत्नागिरी, मिरकरवाडा बंदर. ट्रॉलरमधून मासळीचे क्रेट जेटीवर चढतायत, फावड्याने बर्फ पडतोय. या सुमाराला शरीराचं तापमान दिवसभरातलं सर्वांत खाली असतं आणि लक्षही सर्वांत ढिलं.

ही वेळ ठरते मेंदूच्या तळाशी. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर सुमारे २०,००० पेशींचा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. त्यातल्या प्रत्येक पेशीत ‘पिरियड’ जनुक प्रथिन बनवत राहतं. ते साचतं, केंद्रकात शिरतं आणि आपल्याच जनुकाला थांबवतं. मग प्रथिन विरतं, जनुक पुन्हा सुरू होतं. फळमाशीत हा फेरा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचा फेरा चोवीस तासांहून थोडा लांब असतो, म्हणून घड्याळ रोज जुळवावं लागतं. जुळवतो तो उजेड. ट्यूबलाइटखाली शे-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक), ढगाळ आभाळाखाली हजारो, उघड्या उन्हात लाखाच्या घरात.

सकाळी सातला खलाशी घरी निघतो, तेव्हा हेच ऊन डोळ्यांत जातं. घड्याळ दिवसावरच अडून बसतं. जागेपणी मेंदूत साचलेलं अ‍ॅडेनोसिन त्याला झोपवतं खरं, पण तीन-चार तासांत ते ओसरतं आणि अकराला डोळे टक्क उघडे. त्यात चहा. कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवतं आणि अर्धं उतरायलाच पाच-सहा तास घेतं. शेवटचा कप रात्री दोनच्या आत झालेला बरा.

हे पाहा, खलाशाच्या घराच्या छपरातलं काचेचं कौल. त्यातून आलेली तिरीप सतरंजीवर सरकतेय: दहाला पायाशी, बाराला तोंडावर. मिटलेल्या पापण्यांतूनही उजेड आत जातो. कौलाखाली दुहेरी गोणपाट ताणून बांधा. ओटी, पडवी दिवसाच्या झोपेला नकोच. जुन्या घराचं माजघर मात्र उत्तम: खिडकी नाही, जांभ्याच्या भिंती, गारवा. स्लॅबच्या घरात दुपारी छत तापतं आणि अंग थंड होत नाही, तिथे खालच्या मजल्यावर झोपावं. बंदरावर बर्फ मिळतो, डिझेल मिळतं. बाहेरगावच्या खलाशांना अंधारी, हवेशीर खोलीही मिळायलाच हवी.

वर्षानुवर्षं उलट्या वेळेने जगल्यास मधुमेहाचा, हृदयविकाराचा धोका वाढतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर, खलाशी घरी. रात्रीकडे थोडंफार सरकलेलं घड्याळ रोज साधारण तासभरच मागे येतं, म्हणून बंदीच्या पहिल्या दिवसापासून ठरल्या वेळी उठायचं आणि अर्धा तास अंगणात काढायचा. पाऊस असेल तर ओटीच्या कडेला बसा, तोंड आभाळाकडे करून.