पत्र्याची आगबोट आणि तिचं पेटंट

(मालवणमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी तो पंखा बंद करा. उकडेल, पण इलाज नाही. या परातीतली बोट एवढ्याशा वातीवर चालते आणि पंख्याखाली वात टिकत नाही. कुणकेश्वरच्या जत्रेत बोट घेतली आणि तिथंच किनाऱ्यावर चालवायला बसलं की हेच होतं. समोर अख्खा समुद्र, आणि काडेपेटी रिकामी झाली तरी ज्योत काही ठरत नाही.

बोट सगळ्यांच्या ओळखीची आहे. पत्र्याची, वीतभर लांब, भडक रंगाची, मागं बुडाशी दोन बारीक नळ्या. कुणी पुकपुक म्हणतं, कुणी फटफट, कुणी सरळ आगबोट. गंमत अशी की खऱ्या आगबोटीच्या पोटात जे असायचं त्यातलं हिच्यात काहीच नाही. दट्ट्या नाही, झडप नाही, पाणी कापणारा पंखा नाही. फिरणारा एकही भाग नाही, तरी चालते.

विषय छापलाय ‘खेळण्याचं पेटंट कसं वाचावं’. वाचूच. पण ‘पेटंट’ या शब्दाचे आपल्याकडे इतके हाल झालेत की आधी तो धुऊन घ्यावा लागेल. ‘हापूसला पेटंट मिळालं’ असं या सभागृहात किती जणांनी म्हटलं असेल? हात वर करू नका, शेजारी बघतील. २०१८ साली हापूसला मिळालं ते भौगोलिक मानांकन. ते कुणा एका बागायतदाराचं नसतं, मुलखाचं असतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांचं. दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं तर ते कितीही काळ चालतं. पेटंटचा हिशेब वेगळा. तो शोध लावणाऱ्याचा मुदतीचा हक्क. आपल्याकडे अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, तीही दरवर्षीची फी भरली तर. मग ते सगळ्यांचं.

दुसरी तऱ्हा म्हणजे ‘आपल्या मसाल्याचं पेटंट घेऊन टाका’ असा सल्ला देणारे. १९७०च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्याच कलमात लिहून ठेवलंय की पारंपरिक ज्ञान हा शोध नव्हे. आणि हळदीची गोष्ट तर किती उलटी सांगितली जाते! भारताने हळदीचं पेटंट मिळवलं, असं छातीठोक सांगणारी माणसं भेटतात. मिळवलं नाही हो, मोडलं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं. डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तिथं कामाला आले ते जुने छापील पुरावे. ‘आमच्या आजीला ठाऊक होतं’ एवढ्यावर भागलं नसतं. आजीने कुठं लिहून ठेवलं होतं, हा प्रश्न आला असता. ‘हा विनोद म्हणजे यांचं पेटंट’ असं लग्नाच्या पंगतीत म्हणतात, त्याला मात्र माझी हरकत नाही. त्याला फी पडत नाही.

असो. बोट भरू या. बहुतेक बोटी न चालताच माळ्यावर जातात, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक बिघडलेल्याच नसतात, नीट भरलेल्या नसतात.

नाक खाली, नळ्या वर अशी धरायची. ड्रॉपरने एका नळीत थेंबथेंब पाणी सोडायचं, दुसरीतून बाहेर येईपर्यंत. नळ्या दोन का, याचं उत्तर इथंच मिळतं. एकीतून पाणी आत, दुसरीतून हवा बाहेर. चालायला एकही पुरते, पण भरताना हवा अडकते. तोंडाने ओढून भरू नका, पोरांना तर मुळीच देऊ नका. पत्रा जोडायला दिलेल्या जुन्या डागात कथलाबरोबर शिसं असतं, रंगातही असू शकतं. भरली की दोन्ही तोंडांवर बोट दाबायचं, बोट म्हणजे हाताचं, आणि तशीच पाण्यात ठेवायची. नळ्यांची टोकं पाण्याखाली गेल्यावर बोट काढायचं.

आता दिवा. पत्र्याच्या टिकलीएवढ्या वाटीत गोडं तेल आणि कापसाची वात. खोबरेल नको. ते चोविसेक अंशांखाली थिजतं, आणि पौषातल्या सकाळी बाटलीत तुपासारखं बसलेलं तुम्ही पाहिलंच असेल. वात ज्वारीच्या दाण्याएवढीच वर काढायची. मोठी ज्योत म्हणजे जास्त वेग, हा समज खोटा. नळ्याच तापल्या की आतली वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होत नाही आणि ठेका तुटतो. शिवाय काजळी धरते ती वेगळीच.

लावली. आता अर्धं-एक मिनिट काही होणार नाही, तेवढ्यात आत काय चाललंय ते सांगतो.

ज्योतीवर एक चपटी डबी आहे, नाण्यापेक्षा थोडी मोठी. तिच्यातल्या चमचाभरही नसलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ नळ्यांतलं पाणी मागं ढकलते आणि स्वतःही नळीत उतरते. नळी थंड, म्हणून तिथं ती आकसते, आत पोकळी पडते आणि बाहेरचं पाणी परत ओढलं जातं. ते डबीपर्यंत पोचलं की पुन्हा वाफ. सेकंदाला कित्येकदा.

चाणाक्ष माणूस इथं अडवतो. जेवढं पाणी बाहेर तेवढंच आत, मग बोट जागच्या जागी डुलायला हवी! त्याला चुलीपुढं बसवा आणि हातात फुंकणी द्या. फुंकलं की वारा सरळ रेषेत निखाऱ्यापर्यंत जातो. त्याच अंतरावरून फुंकणीने ओढून बघा, निखारा ढिम्म हलत नाही, कारण ओढताना हवा तोंडाच्या चहूबाजूंनी येते. नळीचंही तसंच. बाहेर जाणारं पाणी धारेने मागं जातं, आत येणारं चहूकडून गोळा होतं. म्हणून बोट पुढं जाते.

ऐका. सुरू झाली!

हा जो टर्र आवाज आहे, ज्याच्यासाठी आपण सगळे हळवे होतो, तो पहिल्या बोटीत असा नव्हताच. तोमा पियो या फ्रेंच माणसाने १८९१ मध्ये ब्रिटनमध्ये अर्ज केला, त्यात लहानसा बॉयलर आणि दोन नळ्या. अमेरिकेत चार्ल्स मॅकह्यू याने १९१५ मध्ये अर्ज केला, त्यात डबीचं झाकण पातळ लवचीक पत्र्याचं, म्हणजे पडदा. बिस्किटाच्या डब्याचं बूड दाबलं की ‘टक्’ होतं ना, तेच. वाफ झाली की फुगतो, पोकळी पडली की आत बसतो. आपल्या आठवणीतला आवाज त्या पडद्याचा आहे. १९२० मध्ये विल्यम पर्सेलने डबीच काढून टाकली आणि नळीलाच वेटोळे दिले. ही बोट जवळजवळ मुकी.

घरी करायची असेल तर पर्सेलची करा, डाग द्यावा लागत नाही. तांब्याची मऊ नळी, बाहेरून तीन-सव्वातीन मिलिमीटर, लांबी तीसेक सेंटिमीटर. फ्रिजवाल्याकडची केशनळी आणू नका, तिचं भोक मिलिमीटरभरच असतं. आत कोरडं मीठ ठासून भरा, पेनावर दोन-अडीच वेटोळे घ्या. मीठ नसेल तर नळी चिमटते आणि मग ती भंगारात. नंतर पाण्याने मीठ धुऊन काढा. दोन्ही टोकं समांतर हवीत, नाहीतर बोट घाण्याच्या बैलासारखी फिरत राहते. बोटीच्या अंगासाठी मासळीची थर्माकोलची पेटी कापलीत तर दिव्याखाली पत्र्याचा तुकडा घाला. जत्रेतली डबीची बोट असेल तर ती खाडीत चालवू नका. मीठ डबीत बसतं, पत्रा गंजतो. विहिरीजवळची दगडी दोण उत्तम. आणि पाणी संपल्यावर दिवा चालू ठेवू नका. पाणी आहे तोवर डबी शंभर अंशांच्या आसपास राहते, कोरडी पडली की कथलाचा डाग वितळून सुटतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मूळ विषय आता सुरू होतोय, याची मला कल्पना आहे.

पेटंटचा कागद म्हणजे चित्र, वर्णन आणि शेवटी दावे. लोक चित्र बघून थांबतात. वाचायचे असतात दावे. खरेदीखतात घर, गोठा, माड यांचं कितीही वर्णन असू द्या, कोर्टात भांडण चतुःसीमेवरच होतं. दावे म्हणजे चतुःसीमा. ‘वाफेवर चालणारी बोट’ एवढी मोठी सीमा घातली तर आधीपासून असलेली आगबोट आत येते आणि दावा फुटतो. ‘अशी डबी, असा पडदा, अशा नळ्या’ अशी बारीक आखली तर टिकते, पण शेजारी वळसा घालून जातो. पडद्यापुरत्या सीमेत वेटोळ्याची नळी येत नाही.

दुसरं, तारखा. मॅकह्यूने १९२६ मध्ये पुन्हा अर्ज केला, कारखान्यात बनवायला सोप्या रचनेचा. १९३४ मध्ये पॉल जोन्सने साच्यात ठोकलेल्या सुट्या भागांचा पडदा मांडला. तत्त्व कुणीच बदललं नाही, करण्याची रीत बदलली. मुदती सगळ्यांच्या संपल्या. ब्रिटनमध्ये तेव्हा चौदा वर्षं होती, म्हणजे पियोचं पूर्ण टिकलं असं धरलं तरी १९०५पर्यंत. अमेरिकेतलं मंजुरीपासून सतरा. आज हे सगळे कागद फुकट वाचता येतात. जत्रेतल्या पत्रेवाल्याने ही बोट केली तर ती चोरी नव्हे. सरकारने मुदतीचा हक्क दिला तो कृती उघड करण्याच्या अटीवरच.

तिसरं, ज्यांना स्वतःचं काही नोंदवायचंय त्यांनी अर्जाआधी ते प्रदर्शनात मांडू नये. नवेपण तिथंच जातं. नुसता आकार-सजावट नवी असेल तर पेटंट नव्हे, डिझाइन नोंदणी. दहा वर्षं, वाढवून पंधरा. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे नवे आकार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. उदाहरणं होती, वेळ नाही.

वात फडफडतेय, तेल संपत आलं. ज्यांना हाताळायची आहे त्यांनी पुढं या. मागून धरू नका, चटका बसेल. नाकाकडून उचला. आणि कुणीतरी पंखा लावा.