५० मधून २७ गेले, तर वहीत ३७ कसे उरतात?

नमस्कार. किनारपट्टीवरील प्राथमिक शाळांमधील मुलांच्या वाचनाविषयी आणि गणिताविषयी बोलावे, अशी मागणी दर्शक सातत्याने करीत आहेत. "सोलापुरात बसून समुद्राच्या गप्पा कशाला?" असेही एकाने विचारले आहे. वजाबाकी दोन्हीकडे एकाच जागी अडते, म्हणून.

तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्ट आपणांस ठाऊक आहे. कोकणात कमी पटाच्या शाळांत एकच शिक्षक अनेक इयत्ता सांभाळतो आणि मुलाच्या घरी मालवणी किंवा कोळी बोली असते, जशी आमच्याकडे तेलुगू किंवा कन्नड असते. एवढे नोंदवून पुढे जातो.

खरी मेख हातच्याच्या वजाबाकीत आहे. ५० वजा २७ करताना मूल एककाच्या घरात सातातून शून्य, दशकाच्या घरात पाचातून दोन वजा करते आणि ३७ लिहून मोकळे होते. यात आळस नाही. 'मोठ्यातून लहान वजा करायचे' हा आपणच घोटून घेतलेला नियम ते इमानाने पाळते.

आमच्या लक्ष्मी मंडईत आईशेजारी बसणारी एक मुलगी सत्तावीस रुपयांच्या भाजीसाठी पन्नासची नोट घेते आणि "हे तीन, तीस झाले, हे वीस" म्हणत तेवीस रुपये हातावर ठेवते. मासळीच्या वाट्यांचा हिशेब ऐकत वाढणाऱ्या मुलाकडेही असे तोंडी गणित असू शकते, पण वही ते विचारीत नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात हेच मांडले: कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले विक्रीचा हिशेब चोख करतात आणि पुस्तकी उदाहरणांत अडखळतात, केवळ शाळेत जाणाऱ्या मुलांची गत उलटी होते.

"शेजारच्या घरातून एक उसना घे" हे वाक्य मला मुळीच पटत नाही. तेथून येतो तो एक नसून दहा असतात, आणि ते कोणी परत करीत नाही! काड्यांच्या पाच गठ्ठ्यांपैकी एक मुलालाच सोडू द्या. चार गठ्ठे आणि दहा सुट्या काड्या समोर दिसतील. दहाच्या पाच नोटांपैकी एक मोडून नाणी द्या. मगच वहीत ५० म्हणजे ४० आणि १० असे लिहवून घ्या. तिन्ही वेळा मोडतो तो दशकच.

वर्गातली रीत वेगळी असल्यास मुलाचा गोंधळ होईल का, असे एका पालकांनी विचारले आहे. मांडणी गुरुजींचीच राहू द्यावी. गठ्ठा मात्र आधी घरी सोडावा, आणि ३७ आल्यास खोडण्याऐवजी त्यात २७ मिळवायला सांगावे. उत्तर ६४ येते, तेव्हा मूल स्वतःच खोडरबर शोधू लागते.